किसनकाकांची पाचवी

आमचे घरमालक रोज सकाळी मला जीभ काढून दाखवतात.

हे मी पहिल्यांदा नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दुसरी खोली बघायची का?"

मी कळंबच्या एका शाळेत मराठी शिकवते. नवरा लातूरला नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी जातो. बाईमाणसाला एकटीला राहायला बरी जागा म्हणून मोंढ्याच्या मागच्या गल्लीतली ही माडीवरची खोली आम्ही घेतली. खाली किसनकाका आणि काकू. त्यांना मूलबाळ नाही. गल्लीत कुणालाही विचारलं तर किसनराव म्हणजे सरळ माणूस, असंच सांगतील. आणि हा साठी ओलांडलेला सरळ माणूस लेंगा-बंडीत ओट्यावर उभा राहून, मी जिना उतरत असताना पुरती जीभ बाहेर काढतो, ती नाकासमोर सरळ धरतो आणि नुसत्या मानेनं मला 'या' म्हणतो.

एकदा मी धीर करून जरा लवकर खाली उतरले. तेव्हा कळलं की जीभ हा शेवटचा अंक होता. आधी बरंच काही होऊन जायचं.

ओट्याच्या खांबाला दाढीचा आरसा टांगलेला. काका आधी चिमूटभर जिरं नाकाशी धरून हुंगत. मग एक डोळा झाकून समोरच्या पाण्याच्या टाकीवर रंगवलेली अक्षरं वाचत, मग दुसरा झाकून तीच अक्षरं. मग स्वतःचंच बोट स्वतःच्या डोळ्यांपुढं आडवंउभं फिरवत आणि नजर त्याच्या मागं पळवत. दातावर दात दाबत, पण फार जपून, काचेची बरणी फळीवर ठेवावी तसे. भुवया वर, गाल फुगलेले, दात बाहेर. दोन्ही कानांशी चुटकी. त्यातला उजवा कान लहानपणीच फुटलेला, तिकडची चुटकी नुसती रीत म्हणून. मग "आऽऽ", मग खांदे वर, आणि सगळ्यात शेवटी जीभ.

"हजेरी घ्यायलोय, मॅडम," ते म्हणाले. "बारा जणी हायेत. रोजच्या रोज बगितलेलं बरं. एखादी न सांगता निघून गेली तर?"

बारा जणी म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यांची माझी ओळख काकांनीच करून दिली, आणि तीही एका घरात नांदणाऱ्या बारा जावा असल्यासारखी.

"पहिली वासाची. गरीब हाय, सर्दी झाली की बसून घेती. दुसरी नजरेची. तिसरी, चौथी अन् सहावी, ह्या तिघी नुसत्या डोळा फिरवायला. एवढ्याशा डोळ्याला तीन-तीन जणी, बगा. सातवी हसती, आठवी ऐकती. ह्या दोघी कायम जोडीनं, एकाच दारातून जाणार. नववी घास गिळायची. दहावी लई फिरस्ती. गळ्यातून छातीत, छातीतून पोटात, तिचा घरी पाय म्हणून ठरत न्हाय. अकरावी खांदा उचलायची, बारावी जिभेची."

"आणि पाचवी?" मी विचारलं.

काकांनी आवाज खाली आणला, जणू तिला ऐकू जाईल. "तिचं नाव सकाळी घ्यायचं न्हाय."

पाचवी म्हणजे चेहऱ्याची जाणीव सांभाळणारी नस. गालाला ऊन लागलं, ओठाला चहा पोळला, दातात कण अडकला, की मेंदूला कळवायचं काम तिचं. काकांची डावी पाचवी खोटं कळवायला लागली होती. गालावर वाऱ्याची झुळूक आली तरी ती मेंदूला सांगे, की तोंडात वीज पडली.

किसनकाका मोंढ्यात सौदे पुकारत. धान्याचे ढीग लागले, भोवती व्यापारी जमले, की मधे उभं राहून भाव चढवत न्यायचा. त्यांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून बसस्टँडपर्यंत जायचा, असं लोक सांगतात. दोन वर्षांपूर्वी ऐन तुरीच्या हंगामात भाव चढत असताना काका मधेच थांबले. गालाला हात लावला आणि डोळ्यांतून पाणी आलं. व्यापाऱ्यांना वाटलं सौदा तिथंच तुटला. शेतकऱ्याला वाटलं आपला ढीग मातीमोल गेला. मागच्यांना वाटलं कुणीतरी किसनरावांच्या मुस्काटात मारली. मोंढ्यात आरडाओरडा सुरू झाला, आणि ज्यानं दोन शब्दांत तो मिटवला असता त्याला तोंड उघडता येत नव्हतं.

काकांना वाटलं दात असेल. दाताचे डॉक्टर म्हणाले दात चांगला आहे. काका म्हणाले, काढा. डॉक्टर पुन्हा म्हणाले, चांगला आहे. काकांनी खुर्चीचे हात धरले आणि काढल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसून राहिले. पुढं असेच आणखी काही चांगले दात त्यांनी हट्टानं काढून घेतले. "समदे निर्दोष होते," ते आता हळहळून सांगतात. शेवटी दाताच्या डॉक्टरांनीच हात जोडले आणि त्यांना सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं टेबलावर प्लास्टिकचं एक उघडं डोकं होतं. डॉक्टरांनी त्यातल्या पिवळ्या तारा दाखवल्या, समजावलं, आणि जाताना बारा नसांचं एक चित्र दिलं.

काकांनी ते चित्र प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि देवघराशेजारी, तुळजाभवानीच्या तसबिरीला लागून टांगलं. मंगळवारी-शुक्रवारी काकू तसबिरीला हळदकुंकू वाहतात, तेव्हा एक बोट चित्रालाही लावतात, बरोब्बर पाचवीच्या जागेवर. कोपलेली आहे, तर निदान तिचा मान राहावा.

"लोकांची दुखणी पाचवीला पुजलेली असत्यात," काका म्हणायचे. "माझी तर पाचवीच दुखणं हाय."

हा त्यांचा आवडता विनोद होता. फक्त तो सांगताना ते हसत नसत, कारण हसलं तरी कळ यायची. ओठांची उजवी कड तेवढी हलायची.

कळ म्हणजे ठणका नव्हे. उघड्या तारेला हात लागावा तशी ती यायची आणि काही क्षणांत जायची. पण जाताना परत येईन असं सांगून जायची, आणि खरा त्रास त्या सांगण्याचा होता. कळ अधूनमधूनची पाहुणी. भीती मात्र घरातच राहायला आलेली. पहिला घास घ्यायचा तर भीती, चूळ भरायची तर भीती, टॉवेल उचलायचा तर भीती. समोरून माशी उडत आली तर काका तिच्याकडं बैल उधळून यावा तसे बघत.

डाव्या गालावर वस्तरा फिरवायची त्यांची छाती नव्हती. त्यामुळं उजवा गाल रोज गुळगुळीत आणि डावीकडं पांढरी दाढी वाढत चाललेली. एका बाजूनं मोंढ्यातले किसनराव, दुसऱ्या बाजूनं कुणी साधू. नवा पोस्टमन येताना त्यांना उजवीकडून भेटला, जाताना डावीकडून, आणि त्यानं दोन वेगवेगळे नमस्कार केले.

घरात पंखा होता, पण त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली. काकू वारा घ्यायला मागच्या दारी जात, चोरून विडी ओढायला जावं तशा.

काकूंबद्दल इथं सांगायला हवं. काकूंना आवाज नाही. म्हणजे त्या मुक्या नाहीत. तरुणपणी गळ्याची गाठ काढली, तेव्हापासून घशातून नुसती हवा येते आणि त्या हवेत शब्द असतात. अगदी तोंडाशी कान नेला तर निम्मे कळतात. भाजीवाल्याला त्या बोटानं दाखवतात. मला बोलवायचं तर जिन्याच्या कठड्यावर पळी वाजवतात. मी राहायला गेल्यापासून त्या कुणाशी फारशा बोलताना मला दिसल्या नाहीत. मला वाटलं, स्वभावच असेल.

काकांची काळजी मात्र नुसत्या पाचवीपुरती राहिली नाही. एक जाऊ रुसली, आता बाकीच्या अकरा जणींचं काय, या धसक्यानं हजेरी सुरू झाली होती, आणि हळूहळू हजेरीत गल्लीही आली. दूधवाल्याला दात दाखवल्याशिवाय काका पातेलं पुढं करत नसत. इस्त्रीवाल्या बाईंना ते "खांदे वर करा, हां, सारखे हायेत," म्हणून पाठवून देत. लोक करायचे. सरळ माणूस आहे, घाबरलाय, त्याला बरं वाटत असेल तर दाखवावेत दात.

एका शनिवारी माझ्या नवऱ्याची पाळी आली. काकांनी त्याला उजेडाकडं तोंड करून उभं केलं, बराच वेळ न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, घाबरू नगा. सायबांचा डावा डोळा जरा बारीक वाटायलाय. तिसरीवर लक्ष ठेवा."

मी घाबरले. जेवताना मी त्याच्या डाव्या डोळ्याकडं बघत होते. भाजीत मीठ कमी आहे असं तो म्हणाला, तेव्हा चवीचीही नस बिघडली की काय म्हणून मी स्वतः भाजी चाखून बघितली. त्याला गाल फुगवायला लावले. त्यानं फुगवले आणि म्हणाला, "तुला खरंच दुसरी खोली बघू या." शेवटी मी ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढला. लग्नातही त्याचा डावा डोळा बारीकच होता. मीच नीट बघितलं नव्हतं.

पण त्यानंतर गाडीच्या आरशात मी हसून बघायला लागले, दोन्ही बाजू सारख्या वर जातात का ते. फोडणी देताना जिऱ्याचा वास आला की हायसं वाटायचं. काकांची भीती जिना चढून माझ्या घरी आली होती.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी कळ सुरुवातीला दबली. मग गोळ्या वाढवाव्या लागल्या. वाढवल्यावर काका दिवसभर पेंगायचे आणि चालताना भिंत धरायचे. एक दिवस ओट्यावरून घाबऱ्याघुबऱ्या हाक आली. "मॅडम, तिसरी, चौथी अन् सहावीचं भांडण लागलं. मला दोन-दोन मॅडम दिसायल्यात." फोनवर विचारलं तर डॉक्टर म्हणाले, गोळी जास्त होतेय, कमी करा. कमी केली की पाचवी हजर.

मोंढ्यात आता दुसरा माणूस सौदे पुकारत होता. त्याचा आवाज भिंतीवरून आमच्या गल्लीत यायचा. तो सुरू झाला की काका उठून तिकडची खिडकी लावून घेत. वारा येतो म्हणत. त्या खिडकीतून वारा येत नाही, हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं.

ऑपरेशन हा उपाय आहे असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. काका तो विषय निघाला की तुळशीला पाणी घालायला उठत.

मे महिन्यात पुन्हा सोलापूरला बोलावलं. काकूंनी जिन्यावर पळी वाजवली. मी खाली गेले तर काका म्हणाले, "मॅडम, तुमाला सुट्टी हाय. येता का संगं? आमच्या घरात बोलणारं माणूस न्हाय. मी तोंड उघडलं की कळ येती, हिचं कुणाला कळत न्हाय. तिकिटाच्या खिडकीवर आमी दोघं नुसते उभे ऱ्हातो."

मी निघाले. धाराशिव, तुळजापूर करत जाणारी एसटी. काकांनी डोक्याला लोकरी मफलर गुंडाळलेला, डावा गाल, डावा कान, सगळं झाकलेलं. बस सुटली आणि खिडक्यांतून वारा आत आला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. आता मला बसमधल्या लोकांना मे महिन्यात खिडक्या लावायला सांगायचं होतं.

"आवं बाई, माणसं उकडून मरतील," पुढचे एक आजोबा म्हणाले.

मी त्यांना पाचवी समजावली. मग मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून उभी राहून पुन्हा समजावली, शाळेत समजावते तशी. पहिली खिडकी त्या आजोबांनीच लावली. मग एक-एक करत सगळ्या लागल्या. घामानं निथळत माणसं नसांबद्दल बोलायला लागली. कुणाचा चुलता वाकड्या तोंडाचा होता, कुणाच्या मेव्हणीला वासच येत नाही. काकांनी मफलरातूनच एकाला गाल फुगवायची खूण केली. तामलवाडी येईपर्यंत निम्मी बस एकमेकांना दात दाखवत होती. काका तेवढ्यापुरते निवांत दिसले. काकू पलीकडच्या बाकावर, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या.

डॉक्टर शांत माणूस. डोक्याचा फोटो उजेडाला धरून ते म्हणाले, "एक रक्तवाहिनी या नसेला टेकलीय. प्रत्येक ठोक्याला घासते. वायरवरचं प्लास्टिक झिजावं तशी नस झिजलीय. कानामागून आत जायचं आणि दोघींच्या मधे मऊ गादी ठेवायची. गोळ्या तुम्हाला झेपत नाहीत, काका. ऑपरेशन करून टाकू."

"बगू, सायेब. दसऱ्यानंतर."

"मागं पाडव्यानंतर म्हणाला होता."

"पाडवा गडबडीत गेला."

काकू पाण्याची बाटली भरून आणायला बाहेर गेल्या. काकांनी दाराकडं पाहिलं, दार लागल्याची खात्री केली आणि मफलर मानेवर उतरवला. मग प्लास्टिकच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"सायेब, पाचवीच्या शेजारीच आठवी हाय न्हवं?"

"आहे. अगदी जवळ."

"तिला धक्का लागंल?"

"शक्यता कमी असते. आम्ही फार जपतो. पण लागणारच नाही, असं मी सांगणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

"काका, एका कानानं माणूस आरामात जगतो."

"दुसरा असंल तर. उजव्या बाजूनं ढोल वाजला तरी मला पत्ता लागत न्हाय."

"आता कानाची चांगली यंत्रं मिळतात."

"यंत्रातून ढोल ऐकू यील, सायेब. ही ऐकू यील का?"

डॉक्टरांनी हातातला फोटो टेबलावर ठेवला. काकांनी गालाला हात लावला, बहुतेक कळ येऊन गेली. ती जाईपर्यंत आम्ही थांबलो.

"मघाशी आत आल्यावर ती तुमाला कायतरी म्हणाली," ते पुढं म्हणाले. "तुमाला कळलं न्हाय. कुणालाच कळत न्हाय. तिच्या सख्ख्या भावाला कळत न्हाय. तिचं बोलणं ह्या एका कानाला कळतंय. त्यो बी गेला, तर ती कुणाशी बोलंल?"

"म्हणून पहिल्या वेळी तुम्ही आवाजाची नस कुठली ते विचारत होतात," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला स्वतःच्या आवाजाची काळजी आहे."

"माझ्या आवाजाला काय झालंय? मी हिचा आवाज ऐकायची नस विचारत होतो."

दार उघडंच होतं. कधी उघडलं ते आम्हाला कळलं नव्हतं. काकू बाटली घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या, काकांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि तोंडापुढं पदर धरून काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. मी पुढं वाकले. मला एक 'वारा' एवढाच शब्द सापडला.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

काका प्लास्टिकच्या डोक्याकडं बघत होते.

"काका, तुम्हालाच सांगावं लागेल."

"म्हणती, ऑपरेशन चांगलं असतंय, पण घाई करू नगा."

काकूंनी बाटली टेबलावर आपटली आणि मान हलवली.

"म्हणती, घाई करा," काका म्हणाले.

काकू पुन्हा बोलल्या, आता थांबत थांबत, आणि काका एक-एक वाक्य आम्हाला देत गेले. नजर जमिनीवर.

"म्हणती, माझं बोलणं म्हंजी नुसता वारा. जवळ येऊन बोलले की त्यो वारा ह्येंच्या गालाला लागतो. ह्येंना कळ येती." ते थांबले. काकूंनी त्यांच्या दंडाला बोट लावलं. "म्हणती, पयल्यांदा पदर धरून बोलून बगितलं. तरी ह्येंचा गाल थरथरायचा. म्हणून दिवाळीपास्नं म्या बोलणंच सोडलंय. लागंल तेवढंच बोलते."

काकांनी मान वळवून काकूंकडं पाहिलं. हे त्यांनाही आताच कळत होतं.

"मला वाटलं, तुला करमत न्हाय म्हणून गप हाईस," ते म्हणाले.

काकू आणखी एक वाक्य बोलल्या. काका ते सांगेनात. डॉक्टरांनी वाट पाहिली. बाटली पुन्हा आपटायची वेळ आली नाही.

"म्हणती, कान ऱ्हाईला काय अन् गेला काय. आता तरी कुठं ऐकायलेत."

खोलीत पंखा चालू होता. आल्यापासून तो चालू होता आणि काकांनी तो बंद करायला सांगितलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी मफलराची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"करा, सायेब," ते म्हणाले. "कवा करायचं ते सांगा."

उठताना डॉक्टरांनी काकूंना विचारलं, की तुम्हीही एकदा घशाच्या डॉक्टरांना दाखवता का, इतक्या वर्षांनीही काही ना काही करता येतं. काकूंनी आधी काकांकडं बोट दाखवलं. आधी हे.

ऑपरेशन शाळा उघडायच्या आधी झालं. त्या सकाळी आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर होतो. मी मनातल्या मनात बाराही जणींची नावं घेत होते. दर वेळी आठवीवर अडकायचे. काकूंच्या हातात काकांचा मफलर होता. त्या त्याची घडी घालत आणि मोडत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं नीट झालं. आणि काकूंनी लगेच स्वतःच्या कानाला हात लावून डोळ्यांनी विचारलं. ते म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही."

काका शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी आधी डाव्या गालाला बोट लावलं. घाबरत. मग पूर्ण तळवा. मग गाल चोळला. पाचवी गप्प होती. त्यांनी पंख्याकडं बोट दाखवलं, मोठा करा म्हणून.

पण डावा कान बंद होता. विहिरीत डोकं घातल्यासारखं वाटतंय, म्हणाले. डॉक्टरांनी कान तपासायचा दुपाखी धातूचा काटा वाजवून कानामागं टेकवला, पुढं धरला, आणि सांगितलं की आत पाणी साचलंय, ते उतरेल. उतरल्यावर खरं काय ते कळेल. कधी उतरेल? माणसागणिक वेगळं. काका ते ओठांवरून वाचत होते. आता दोन्ही कान गेलेल्या माणसाशी बोलावं तसं सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. सिस्टर ओरडायच्या, मी ओरडायचे, डबा देणारा ओरडायचा. एक काकूच तेवढ्या ओरडू शकत नव्हत्या. त्या कॉटशेजारी स्टुलावर बसत, हातानं खुणा करत, उशी सारखी करत. काकांनी सकाळची हजेरी घेतली नाही. मी खुणेनं विचारलं, तर म्हणाले, "नगं. आठवीला हाक मारायचं भ्या वाटतंय."

पुढं एका दुपारी मी तिथं होते. काका उजव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून पडले होते. डाव्या कानामागची पट्टी वर. झोपले असतील असं आम्हाला वाटलं. काकू मोसंबी सोलत होत्या. मधेच त्या माझ्याकडं वाकल्या आणि मी सवयीनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"उगं सोलायलीय म्या," त्या म्हणाल्या. "ह्येंना मोसंबी गोड लागत न्हाय."

"सोल की," भिंतीकडून आवाज आला. "खातो."

काकूंची बोटं मोसंबीत थांबली. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. काकांनी माझ्या बोलण्याला उत्तर दिलं नव्हतं, कारण मी बोललेच नव्हते.

"काय म्हणाले म्या?" काकूंनी विचारलं, हातातल्या मोसंबीकडं बघत.

"गोड लागत न्हाय म्हणालीस."

काका वळले नाहीत. काकूंनी मोसंबी बाजूला ठेवली, हात पुसले, स्टूल ओढून कॉटला लावलं आणि तोंडावरचा पदर खाली घेतला. मग त्यांच्या कानाशी वाकून बोलायला लागल्या. काकांचा गाल हलला नाही. काय बोलत होत्या ते मला कळणं शक्य नव्हतं. दिवाळीपासूनचं असावं, कारण थांबायचं नाव नव्हतं.

मी सालं टाकायला म्हणून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तिथून फक्त काकांचा आवाज येत होता. "हं." मग थोड्या वेळानं "हं, हं." मग "बरं." मग पुन्हा "हं."

औषधांची गाडी ढकलत सिस्टर आल्या आणि दाराशी थांबल्या.

"काका कण्हतायत का?" त्यांनी विचारलं. "दुखतंय त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. "ऐकायलेत."